पुढचं डावं चाक

२० एप्रिल, रविवार
आजपासून रोजनिशी. फक्त गाडीपुरती. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेल्या माणसाला नोंदीशिवाय चैन पडत नाही.
तक्रार अशी: ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. पुढचं डावं चाक तापतं, जळका वास येतो.
पार्श्वभूमी: सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, म्हणून दिवाळीनंतर तारा सावनेरला माहेरी गेली. संक्रांतीला दोन दिवस आली होती. परत सोडायला निघालो तेव्हा पाटणसावंगीजवळ पुढच्या ट्रकने अचानक स्पीड कमी केली. मी ब्रेक मारला आणि गाडी डावीकडे रस्ता सोडून खाली उतरली. कोणाला काही लागलं नाही. तारा उतरली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, इथून मी ऑटोने जाते. तेव्हापासून आलेली नाही.
सासूबाई आता काठी घेऊन अंगणात फिरतात. म्हणजे अडचण त्यांची नाही, गाडीची आहे. बायको घाबरली आहे. ब्रेक दुरुस्त करायचे, सावनेरला जायचं, तिला घेऊन यायचं. आठ दिवसांचं काम.

२२ एप्रिल
व्हिडिओ बघितले. कारण सापडलं. टायरची हवा. चारही चाकांत सारखी भरून घेतली.
फरक: नाही. पण मायलेज सुधारेल.
अदितीचा पुण्याहून फोन. म्हणाली, "बाबा, सावनेरला बसने जा ना. आजच जा." मी म्हटलं, बसने गेलो तर तुझ्या आईला परत आणू कशात? फोन कट झाला. नेटवर्क गेलं असावं.

२६ एप्रिल
चाकाला हात लावून बघितला. भाजला. बर्नोल लावून लिहितो आहे.
शांतपणे विचार केला तर यात विशेष काही नाही. नागपुरात एप्रिलअखेर काय गरम नसतं? गच्चीची कडीपण चटका देते.
शेजारचे मनोहरराव जिन्यातून म्हणाले, "चारही चाकं एकाच उन्हात उभी हायेत ना गा? मंग एकच काहून तापून राहिलं?" मी म्हटलं, डावी बाजू पश्चिमेला होती. त्यांना पटलं. निदान ते निघून गेले.
"वहिनी कधी येऊन राहिल्या?" असंही विचारलं. आठ दिवसांत, म्हणालो.

१ मे
वर्धा रोडवर लांब चक्कर मारली. परतताना चाकातून धूर. घाबरलो नाही. घरी पोचल्याबरोबर बादलीभर पाणी चाकावर ओतलं. सस्स झालं आणि एका मिनिटात गार! इतका सोपा उपाय एकाही व्हिडिओत सांगत नाहीत.
ताराला लगेच फोन करून कळवलं. "जपून," म्हणाली. एकच शब्द, पण काळजी कळते. मग म्हणाली, आई हाक मारते आहे, ठेवते. मागे सासूबाईंचा आवाज आला नाही, टीव्हीचा येत होता. असो. त्या हळू बोलतात.

४ मे, रविवार
नवीन लक्षण. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि पेडल पायाखाली धडधडतं. रस्ते. सगळीकडे खोदून ठेवलं आहे.

६ मे
गुळगुळीत सिमेंट रोडवरही थरथरतं.
अदितीला सांगितलं. ती ओरडलीच. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतल्यावर ती वाकणार नाही तर काय? म्हणाली, गॅरेजला देऊन टाका आणि तुम्ही आईकडे जा, थांबू नका. मी म्हटलं, रोग कळल्याशिवाय मी गाडी कोणाच्या हातात देणार नाही. तिला माझा स्वभाव माहीत आहे. तिच्या आईलाही आहे.

९ मे
मेहुणा स्वानंद सावनेरहून आला. ताराच्या सुती साड्या हव्या होत्या. बरोबर आहे, तिकडे ऊन जास्त. जाताना तिची स्कूटीपण चालवत नेली. बरंच झालं. पार्किंगमध्ये चाक काढायला जागा झाली.
चहा घेताना स्वानंद दोनदा म्हणाला, "भाऊजी, एकदा येऊन जा." मी त्याला डिस्क दाखवली. नीट बघितलीसुद्धा नाही त्याने.

१४ मे
सापडलं!!
पुढची बाजू जॅकवर घेतली. उजवं चाक हाताने गरगर फिरतं, डावं हलत नाही. मग ब्रेकच्या मागचा छोटा निपल थोडा सैल केला. ऑइलची पिचकारी थेट बनियनवर, आणि डावं चाक मोकळं! म्हणजे पाय काढला तरी ऑइल मागे फिरत नव्हतं. ब्रेक ऑइलचा रबरी पाइप, म्हणजे होज, आतून फुगून बंद झालेला. बाहेरून एकदम ठणठणीत दिसतो, म्हणून इतके दिवस चकवलं.
गॅरेजवाला जितेंद्र म्हणाला, "काका, बरोबर पकडलं तुम्ही." दोन्ही बाजूंचे होज, डिस्क, पॅड नवीन टाकतो आहे. ऑइलही.
ताराला फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला: 'होज होता.' वाचल्याची निळी खूण आली.

१८ मे, रविवार
ट्रायल. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरून ब्रेक मारला. गाडी सरळ उभी. दोन्ही चाकं सारखीच कोमट. शाळेत पहिला आलो होतो तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.
घर झाडलं. कूलरची वाळ्याची ताटी बदलली. तिच्या बाजूच्या उशीला नवीन अभ्रा घातला.
मंगळवारी जाणार.

२० मे, मंगळवार
सावनेर. तारा दारातच होती. बारीक झाली आहे, पण चेहरा छान दिसतो. "झाली गाडी?" म्हणाली. मी म्हटलं, बसून तर बघ. बसली.
पाटणसावंगीपर्यंत नेली. मागेपुढे कोणी नाही बघून, त्याच जागी जोरात ब्रेक मारला. रेषेसारखी सरळ थांबली. मी म्हटलं, बघितलंस?
"चांगलं केलंत," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मी गाडीमुळे थांबले नव्हते हो."
मी होज समजावून सांगत होतो. तिने माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा थांबलो.
म्हणाली, जूनपासून तिथल्या शाळेत लागते आहे. पहिलीचा वर्ग. म्हणाली, "सावनेरला सकाळी उठल्यावर, आज काय बोललं तर चालेल, याचा विचार करावा लागत नाही मला." याचा अर्थ विचारणार होतो, पण मागून ट्रक हॉर्न देत होता. गाडी बाजूला घेतली.
मग विचारलं, कधी ठरवलंस? म्हणाली, "एप्रिलपर्यंत वाट बघत होते. तुम्ही आला असतात तर निघाले असते बहुतेक. कशानेही." मी म्हटलं, अगं पण ब्रेक...
मी म्हटलं, बॅग भर, अंधाराच्या आत घरी पोचू. ती म्हणाली, "मला परत सोडा."
सोडलं. उतरताना म्हणाली, उन्हाचे दिवस आहेत, पाणी पीत जा. दार अगदी हळू लावलं. नीट लागलं नव्हतं. ते मला कोराडीच्या पुढे आल्यावर कळलं.

२१ मे
गाडीत काही दोष नाही.
दुपारी पार्किंगमध्ये नुसताच बसलो होतो. मनोहरराव भाजी घेऊन आले. विचारलं, "वहिनी कधी येऊन राहिल्या गा?"
आठ दिवसांत म्हणायला तोंड उघडलं. नाही येणार, असं म्हणालो.
ते तसेच वर गेले, दोन ताटं घेऊन खाली आले. वांग्याची भाजी, भाकर. तिथेच पायरीवर बसून जेवलो. तिसऱ्या घासाला मला खाली बघता येईना, वरही बघता येईना.
ते म्हणाले, "भाजी तिखट झाली काय गा?"
नाही म्हणालो.