आठ बोल्टांचं झाकण

३ मार्च, सकाळी ७
स्वहस्ते बनवलेलं: दोन कपाटं, एक शिडी, जेवणाचं टेबल, हातपंप (पाणी सोडून सगळं उत्तम). आणि आज पाणी गाळायच्या पिंपाचं झाकण. आठ बोल्ट, रबरी वायसर. हवासुद्धा निसटणार नाही.

मेहुण्याच्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडतात. त्या धुतल्या की पाण्यात शिसं उतरतं. चौदाला तपासनीस येणार. शिसं सापडलं की टाळं. मेहुणा म्हणाला, कंपनीचं यंत्र घेतो. मी म्हणालो, चिकणमाती शिसं धरून ठेवते, मी वाचलंय. टेबलावर मूठ आपटली. टेबलाचा पाय गेला. लाकूड खराब होतं.

७ मार्च
मातीतून पाणी गाळलं. शिसं जवळजवळ तेवढंच. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, पाण्यात आम्ल आहे तोवर माती शिसं धरणार नाही. आधी चुनखडी घालून आम्ल मारा, पण वायू सुटतो, पिंप उघडं ठेवा.
चुनखडीचं पटलं. झाकणाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

१० मार्च
झाकणाला भोक पाडू या म्हणत फोरमन ड्रिल घेऊन आला. मी कॉलर धरली, त्याने माझी. दोघं बॅटऱ्यांच्या ढिगावर. त्याचा ओठ फाटला, माझा दात हलला. मी हात उचलला नाही. पाना उचलला.
ही म्हणाली, शोभतं का या वयात? उद्यापासून संयम.

१३ मार्च
चुनखडी पिठासारखी दळली. सगळी एकदम घातली. आठही बोल्ट आवळले.
१०.४० पाणी सोडलं, कॉक बंद.
१०.४३ पिंप फुगलं. मेहुणा ओरडला, "दाजी, बोल्ट सोडा!" मी म्हणालो, धीर धर.
१०.४४ बूड फाटलं. पिंप पत्रे फोडून वर गेलं, खाली येताना मेहुण्याच्या खांद्यावर. हाड मोडलं. मला भिंतीने झेललं.
झाकण पिंपावरच होतं. एकही बोल्ट सैल नाही.

१४ मार्च
तपासनीस आला. कंपनीचं यंत्र बसेपर्यंत टाळं. मेहुण्याने धड असलेला हात माझ्यावर वापरला. हिने सोडवलं नाही. म्हणाली, "दादा, डावीकडून राहिलंय."

१६ मार्च
फोरमन घरी आला. नऊ कामगारांनी मला द्यायला वर्गणी काढली म्हणे. कारखाना पुन्हा सुरू झाला की मी तिकडे फिरकायचं नाही, एवढीच अट. कौतुकाची प्रत्येकाची रीत वेगळी. ताठ मानेनं नकार दिला. गळ्याला पट्टा आहे, ती ताठच राहते. रक्कम होती साडेचार हजार.