पहिल्या पोर्टचा मान

३ मार्च, तेलगाव
पोचलो एकदाचा. परभणीहून एसट्या बदलत येताना कंबरेचा पार भुगा झाला, पण जागा बघितली आणि जीव थंड झाला. रामेश्वरशेठनी जिनिंगच्या रिकाम्या गोडाऊनात स्टुडिओ बांधलाय. भिंतीत कापूस दाबून भरलाय, आत टाळी वाजवली तर जागच्या जागी मरते. लग्नाची, निवडणुकीची, देवाची, सगळी गाणी आता इथंच रेकॉर्ड करायची म्हणतात. माझं काम एवढंच, की माईक, मिक्सर, कॉम्प्युटर सगळं एका नेटवर्कात बांधून द्यायचं. त्यांची मुलगी बबिता गाते. तिनं आल्या आल्या मला काका करून टाकलं आणि चहा दिला, साखर लई. पन्नाशीला टेकल्यावर असं निवांत काम मिळालं, देव पावला.

५ मार्च
दिवसभर केबल ओढल्या. मान धरलीय. या नेटवर्काचा एक नियम असतो: कुठल्यातरी एका यंत्राच्या घड्याळावर बाकी सगळ्यांनी चालायचं, नाहीतर आवाजात टकटक येते. ते घड्याळ मी मिक्सरला देणार होतो, पण स्टुडिओच्या पूजेच्या वेळी घोळ झाला. रामेश्वरशेठचे वडील रामकिसनबापू म्हणजे ढोलकीतला बाप माणूस, मागच्या साली गेले. त्यांची ढोलकी काचेच्या खोलीत पाटावर ठेवलीय. पहिला मान बापूचाच, असा शेठचा हट्ट. म्हटलं, घ्या. ढोलकीला माईक लावला, त्याची केबल स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबल जिथं जुळतात त्या डबीच्या, पहिल्या पोर्टात घातली आणि घड्याळही तिलाच देऊन टाकलं. दमलेला माणूस कुठं वाद घालत बसणार? बापूंची बायको वत्सलाबाई हळदीकुंकू वाहताना तेवढं पुटपुटल्या, की त्येंच्या आधी कुणी थांबायचं न्हाई, असा त्येंचा दंडक व्हता.

८ मार्च
एक टकटक नाही. इतकं गुळगुळीत नेटवर्क मी जन्मात बांधलं नव्हतं. बबितानं दोन गाणी गायली. सूर पक्के, फक्त ठरल्यापेक्षा जरा संथ वाटली. नंतर पोरगी भिंतीला टेकून बसली. काय की काका, लई दमल्यावानी होतंय, म्हणाली. मीही दुपारी आडवा झालो तो दिवेलागणीलाच उठलो.

११ मार्च
गाणी आणखी संथ. कॉम्प्युटर मात्र वेग बरोबर दाखवतो. बरोबर दाखवणारच, तोही त्याच घड्याळावर चाललाय! हे ध्यानात आलं आणि कॉम्प्युटर सोडून बाहेर आलो. अंगणात वत्सलाबाईंचा झाडू, रामेश्वरशेठचं पान चघळणं, माझ्या पापण्या, सगळं एका ठेक्यात. घड्याळ मिक्सरला दिलं. चहा पिऊन येतो तर परत पहिल्या पोर्टला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काचेपलीकडं ढोलकीजवळ कुणी नाही, आणि तिच्या माईकचा दिवा लागतोय, विझतोय. भ्यालो, खरं सांगतो.

१३ मार्च
पहिल्या पोर्टची केबल उपसली. बबिता आत गात होती. गाणं तुटलं. तोंड उघडं, डोळे उघडे, छाती — छाती हलेना. केबल परत खुपसली तेव्हा श्वास आला. तिला काहीच आठवत नाही. अरे लेका, काय करून बसलास हे. तिचा आवाज या तारांत घातलास तूच.

१४ मार्च
रामेश्वरशेठना सांगितलं. आधी शिव्या घातल्या, मग रडले. तिला गाडीत घालून माजलगावला दवाखान्यात निघालो. गाव मागं पडलं तसा तिचा श्वास अडखळू लागला — फिरलो माघारी. वत्सलाबाई ढोलकीपुढं पदर पसरून बसल्यात. तुमची नात हाय, सोडा तिला, म्हणतात. ठेका अजून मंद.

१५ मार्च, सकाळ
लाईनच्या दुरुस्तीला दुपारी लाईट जाणार. आत्ता कळवतात. इन्व्हर्टरची बॅटरी फार टिकायची नाही. शेठ जनरेटर आणायला गेलेत. झोप आवरत नाही.

दुपार
लाईट गेली. बॅटरीही बसली. माईकचा दिवा गेला आणि बबिता — बसल्या जागी. काही सुचेना. काचेच्या खोलीत धावलो, ढोलकीवर थाप मारली. तिनं श्वास घेतला. दुसरी थाप. दुसरा श्वास. वत्सलाबाईंनी वाजवून बघितलं. नाही येत. माझ्याच हाताला येतो, ती केबल घातली यानंच —

डाव्या हातानं वाजवतोय, उजव्यानं लिहितोय. लिहिलं नाही तर डोळा लागेल. शेठचा फोन लागेना. वत्सलाबाई रस्त्यावर बघायला गेल्यात.

हात भरून आलाय. खांद्यापर्यंत. बबिता माझ्याकडंच बघतेय. दमलात का काका, म्हणाली. नाही म्हटलं.

पेन सुटतंय. हात बदलतो जरा, एवढीच थाप झाली की —