टेबलाच्या पायाखालची कार्डं

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (या वेळी खरोखर आडवा पडून, कारण पुढे येईलच). तुझा डोळा आता कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना? इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून.

ठमीच्या बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं, मुलीला घरी तर्काची कोडी द्या, आणि सहा वर्षांच्या मुलांसाठी चांगलं काही मिळालं तर आम्हालाही दाखवा. मी चार दुकानं पालथी घातली. एका दुकानातलं पुस्तक इतकं सोपं, की ठमीने तिथेच उभ्या उभ्या संपवलं, दुसरं इतकं अवघड, की मी अजून दुसऱ्या पानावर आहे (आणि विमा कचेरीत माझं काम लोकांच्या थापा पकडण्याचं!). वैतागून ते टेबलावर आपटलं, तर टेबलाच्या पायाखालचा पुठ्ठा सरकून बाहेर आला.

ठमीने तो उचलला. त्यावर नळ, बादली, पेला, कंगवा अशी चित्रं, आणि खाली तुझ्या अक्षरात 'वेगळं कोणतं?' "एक आहे म्हणजे अजून असणार," म्हणाली आणि घरभर फिरली. एक डब्यावर झाकण म्हणून, एक खिडकीच्या फटीत, तीन कार्डांच्या पाठीवर माझ्या हातचे फोन नंबर. तू पाठवलेल्या चाळीसातली अकरा सापडली. ती माझ्यासमोर रांगेत मांडून तिने शांतपणे विचारलं, "बाबा, तू आत्याला लिहिलंस ना, ठमी रोज कार्डांशी खेळते? मग ती ठमी कोण?" (पत्र लिहिताना मोठ्याने वाचायची माझी खोड नडली.)

ताई, मोतीबिंदू पिकलेला असताना तू ती कापलीस, रंगवलीस, आणि मी 'घरगुती दिसतात' म्हणत माळ्यावर टाकली. तिथून एकेक कामाला लागत गेलं. मला फार लाज वाटते. माफ कर.

तुझा,
धाकटा

ता. क. उरलेली एकोणतीस पुन्हा करून पाठवशील का? शनिवारच्या आत. झालं असं, की बाईंना ती अकरा फार आवडली, आणि "कुणी केली?" म्हटल्यावर माझ्या तोंडून 'मीच' निघून गेलं. आता शनिवारी सगळ्या पालकांना मी ती कशी केली ते दाखवायचंय.

आणखी एक ता. क. वरचंही मोठ्याने वाचलं गेलं. ठमी म्हणते, "ज्याने केली त्यालाच दाखवता येईल. तू केली नाहीस. म्हणून आत्याला बोलाव." मी बराच वेळ यात चूक शोधली, नाही सापडली. शनिवारी येच. बाईंना खरं सांगायला आत्ताच निघालोय. एकटा जाऊन येतो म्हटलं, तर चप्पल घालत म्हणाली, "आत्यालाही तू एकट्यानेच लिहिलं होतंस."