देवबाग–सावंतवाडी फेरी

देवबाग,
ता. २ डिसेंबर २०२४

चि. सौ. अक्षयास आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे बरे आहोत म्हणायचं. फोन करत नाही, कारण तुझे बाबा दिवसभर माझ्या शेजारीच बसून असतात. गाडी चालवताना त्यांच्या छातीत कळ आली, त्याला सहा महिने झाले. डॉक्टरांनी आता मोकळीक दिलीय, पण हे किल्लीला हात लावत नाहीत. माझ्या हातून कोणाचो जीव गेलो तर, हे एकच पालुपद. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस गो! आता घरची गाडीच विकायला काढलीय, बावीस तारखेला गिऱ्हाईक येतंय. गाडी गेली की हे खाटेवरून उठायचे नाहीत, याची मला भीती वाटते. त्यात शर्मिलामावशी कोल्हापुरातून येतेय. तिला धामापूरचं तळं आणि सावंतवाडी बघायचीय. काय करू, ते कळव.

जावयांना आठवण सांग. माया आहे ती वाढू दे.

तुझी आई,
रुक्मिणी

नाशिक,
ता. ९ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईस अक्षयाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबांशी वाद घालू नकोस, त्यात ते कधी हरलेत? शेजारच्या निलेशला गाडी चालवायला बोलाव आणि बाबांना वाट दाखवायला म्हणून पुढे बसव. दुसऱ्याचं ड्रायव्हिंग त्यांना किती सोसतं, ते तुला ठाऊक आहे! माझ्या वरातीतसुद्धा ते ड्रायव्हरला क्लच कसा दाबायचा ते शिकवत होते. गोळ्या मात्र बरोबर घे.

मावशीला नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
अक्षया

देवबाग,
ता. २३ डिसेंबर २०२४

चि. सौ. अक्षयास अनेक आशीर्वाद.

बाय माझी, सुटलो गो आम्ही! धामापूरपर्यंत बाबा दात-ओठ खात गप्प बसले. तळं बघून निघालो, तर पहिल्याच वळणावर निलेशने गिअर करकरवला. झालं! त्याला खाली उतरवलं, मागे माझ्या शेजारी बसवलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. मी डोळे मिटून देवीला गाऱ्हाणं घातलं. डोळे उघडले तर गाडी थांबलेली. मी गोळ्यांसाठी पिशवीत हात घातला! बघते तर एसटीचा थांबा. पुढच्या थांब्यावरही तेच. हातांची जुनी सवय, दुसरं काय! नेरूरला एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन चढलीसुद्धा. तिला कुडाळला उतरवून मगच पुढे गेलो. शर्मिला हसून हसून लोळायची बाकी होती आणि मी पदरात तोंड खुपसून रडत होते. सावंतवाडीत मोती तलावाला दोन फेऱ्या मारल्या. पहिली मावशीसाठी, दुसरी त्यांची त्यांनाच हवी म्हणून.

काल ते गिऱ्हाईक आलं. बाबांनी त्याला गाडीत घातलं, तारकर्लीपर्यंत फिरवून आणलं, चहा पाजला आणि एसटीत बसवून परत पाठवलं.

सगळ्यांना आशीर्वाद. अशीच जीव लावून राहा.

तुझी आई,
रुक्मिणी