मागे कोणीतरी उभं हवं

प्रिय जनेल,

तू फोन करतेस आणि मी ऊन-वाऱ्याच्या गप्पा मारून ठेवून देते, म्हणून तू माझ्यावर चिडली आहेस. चिडणारच. बाबांसाठी तुझ्या घराजवळच्या शुश्रूषागृहात तू खोली राखून ठेवलीस आणि एवढंच विचारलंस, की ट्रेलर तिथेच ऍरिझोनात विकून तुम्ही विमानाने आयोवाला कधी येताय. त्याचं उत्तर मी दिलेलं नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि चित्र दिसणारा फोन या वाळवंटात दर वेळी तुझं तोंड उघडं ठेवूनच अडकतो. म्हणून पत्र लिहायला बसले. कॉफी करून घे, लांबण लागणार आहे.

आधी घराची खबर. घर म्हणजे आपला ट्रेलरच, दुसरं घर आता मला कुठलं? बाबा इस्पितळात होते तेव्हा छताकडे बघायला कोणाला सवड होती? परवा कपाट उघडलं तर त्यांच्या चौकड्यांच्या शर्टांना बुरशीचा वास. वरच्या झरोक्याभोवतीचा लेप उन्हाने तडकला होता आणि पावसाची एकच सर आत उतरली होती. मग काय, तुझी आई या वयात शिडीवर! शेजारचा बर्डेट खाली शिडी धरून, आणि त्याची बायको ओपल त्याला धरून. जुना लेप खरवडला, नवा ओतला. तो आपोआप पसरतो, पॅनकेकच्या पिठासारखा. ओपल खालून ओरडली, "व्हर्ना, तू पडलीस तर या माणसावर पड, त्याला तरी जरा अक्कल येईल!" बाबा घडीच्या खुर्चीत बसून सगळं बघत होते. निदान त्यांचं तोंड तरी आमच्याकडे होतं. खरंच बघताहेत का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग मी थांबलेच नाही. चाकांची बेअरिंग काढून पुसली, तळहातावर ग्रीस घेऊन ती भरली, आणि तो वास हातांवर असा बसला की ब्रेडलाही ग्रीसचीच चव येत होती. न्हाणीचा उंच उंबरा कापून टाकला, भिंतीला धरायला दांडे बसवले, दाराच्या पायऱ्या काढून तिथे चाकाच्या खुर्चीसाठी उतार केला. छतावर सौर पट्ट्या वाढवल्या आणि नव्या बॅटऱ्या घातल्या, म्हणजे बाबांचं श्वासाचं यंत्र विजेच्या खांबावाचूनही रात्रभर चालेल. बर्डेट म्हणाला, "विकायच्या गाडीवर कोणी एवढा जीव काढतं का गं?" मी त्याला दुसरा पाना आणायला पिटाळलं.

तुला आमची पहिली सफर आठवते का? तू मागच्या सीटवर कानांत बोटं घालून बसायचीस. बाबा ट्रेलरच्या मागे उभे, मी ट्रकच्या स्टिअरिंगवर, आणि आमचा नुसता आरडाओरडा. "डावीकडे!" "कोणाच्या डावीकडे?" शेजारीपाजारी बियर घेऊन खुर्च्या टाकून बसायचे, फुकटचा तमाशा. एकदा मी किल्ल्या झुडपात भिरकावल्या आणि तुला घेऊन पायी निघाले. त्याच संध्याकाळी बाबांनी ठरवलं, यापुढे तोंड बंद. फक्त हात. बोटं हलवली की ये मागे. मूठ वर गेली की थांब, मग जग बुडालं तरी थांब. आणि तळवा खाली करून हवेत दोनदा थोपटलं की झालं, टेकलो, इंजिन बंद कर. सगळ्या मुक्कामांवर त्या एका खुणेने माझा जीव भांड्यात पडायचा. तूही ती उचललीस. भाजी संपवलीस की ताटावर तशीच थोपटायचीस.

तो इस्पितळातला दिवस मी विसरलेले नाही. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, आणि बाबा छताकडे बघत पडले होते. बाहेर व्हरांड्यात तू माझा हात धरून विचारलंस, "आई, त्यांना काही कळतं का गं? आपण आहोत हे तरी?" मी हो म्हणाले. पण जनेल, ते मी तुझ्यासाठी म्हणाले. मला स्वतःला ठाऊक नव्हतं. इथे परत आणल्यावरही मी त्यांना सूप भरवायचे, दिवसभराची बडबड करायचे, आणि मनात सारखं यायचं की मी रिकाम्या खोलीशी बोलतेय. तसं असेल तर जनेलचं बरोबर आहे, मग ते कुठे राहतात याने काय फरक पडतो?

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा एकटीने ट्रकला ट्रेलर जोडायला घेतला. ते काम कायम बाबांचं. जोडणी चालू असताना आम्हा ट्रेलरवाल्यांत कोणी कोणाशी बोलत नाही, साधं गुड मॉर्निंगसुद्धा नाही, कारण एक शब्द मध्ये आला की एक पायरी राहून जाते. बर्डेटसारखा बर्डेट, तोही ओठ शिवून लांब उभा होता. बाबांची खुर्ची मी ट्रकच्या बाजूला सावलीत ठेवली होती, उन्हाचा त्रास नको एवढ्याचसाठी. ट्रक मागे घेतला. ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडणीचा लोखंडी जबडा असतो, त्यात ट्रेलरच्या गळ्याखालची खुंटी गेल्याचा खट्ट आवाज आला. जबड्याचा दांडाही जागेवर बसला. मी खूश! आता उभ्या ट्रेलरला तोलून धरणारे पुढचे पाय उचलायचे की झालं. बटणावर बोट ठेवलं आणि सहज बाबांकडे पाहिलं. त्यांची डावी मूठ वर होती.

मला वाटलं, पेटका आला. विचारलं, "काय रे, पाणी हवंय?" मूठ तशीच. "ऊन लागतंय?" मूठ तशीच, खाली येईना. मग मी विजेरी घेऊन हौद्यात वाकले. खुंटी जबड्यात गेलीच नव्हती. ट्रेलर बोटभर उंच राहिला होता, खुंटी जबड्याच्या वर नुसती टेकली होती, आणि खाली जबडा रिकामाच मिटला होता. पाय उचलून ट्रक पुढे घेतला असता तर आपलं सगळं घर त्या ट्रकच्या पाठीवर आदळलं असतं. माझ्या जागेवरून ते दिसत नव्हतं, बर्डेटच्या जागेवरूनही नाही. बाबांना खुर्चीतून ती फट दिसत होती. दिसली, कळली, आणि त्यांनी मला थांबवलं.

मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडले गं. बर्डेट नाक शिंकरत म्हणाला, "लोवेल, गप्प राहूनही तू माझ्यापेक्षा शहाणा निघालास की रे!" "तुझ्यापेक्षा शहाणं निघायला लागतंय काय!" ओपल म्हणाली. ट्रक पुढे घेऊन, ट्रेलर खाली करून मी परत जोडला. या वेळी बाबांनी बोटं हलवून मला मागे बोलावलं, इंचाइंचाने, पूर्वीसारखं. आणि खट्ट झाल्यावर तळवा खाली केला, हवेत दोनदा थोपटलं.

तेव्हापासून आम्ही बोलतो, जनेल. मिरची घातलेल्या बीन्सला मूठ, आइस्क्रीमला बोटं. म्हणून काल त्यांनाच विचारलं. म्हटलं, लोवेल, मुलीने खोली बघितली आहे, चांगली आहे, परिचारिका आहेत. मूठ वर गेली. म्हटलं, मग ट्रेलर तिच्या अंगणात, अक्रोडाच्या झाडाखाली, तुम्ही आपल्याच पलंगावर, मी शेजारी? परिचारिकेला तिथेच बोलावू? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी चादरीवर थोपटलं. आणि एक गोष्ट मला उशिरा उमगली. त्या जोडणीच्या आधीच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "बाबा, मी जनेल," मग वाट पाहिलीस, मग मला म्हणालीस, "राहू दे आई, ते नाहीतच तिथे." त्या वेळी फोन त्यांच्या कानाशी होता आणि डावा हात चादरीवर दोनदा थोपटत होता. ते उगाच चादर चाचपताहेत असं समजून मी तो हात बाजूला केला. ते तुझ्याशी बोलत होते.

तर हे माझं उत्तर: ट्रेलर विकायचा नाही, आम्ही तो घेऊन निघतोय. मला तो ओढता येतो, जोडताही येतो. पण तुझ्या फाटकातून अक्रोडापर्यंत उलटा घ्यायचा तर मागे कोणीतरी उभं हवं, आणि बाबा आता माझ्या शेजारच्या सीटवर असतील. तू उभी राहा. त्यांच्या बाजूच्या आरशात दिसशील अशी. ओरडू नकोस, हातानेच बोलाव, खुणा तुला येतात. आणि चाकं झाडाखाली टेकली की तळवा खाली करून दोनदा थोपट. इतकी वर्षं ते मला सांगत आले, पोहोचलो म्हणून. या वेळी त्यांना तू सांग.

निघता निघता,
तुझीच,
आई