भिंतीतून जाणारी उडी

बाबा, "भिंतीतून गेली त जिंकली म्हनत नाही वं," असं तुम्ही म्हणाला होता. मी बारा वर्षांची. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये, पहिल्या पाळीहून येऊन तुम्ही दारात बूट काढत होता. सीताबर्डीहून तुम्हीच आणलेला व्हिडिओ गेम टीव्हीला जोडलेला. उड्या मारत पळणारा तो ठेंगणा माणूस भिंतीवर आदळणार, एवढ्यात मी घाबरून ऐन उडीत त्याला उलटा वळवते. त्याचा पाय दोन विटांच्या सांध्यात अडकतो आणि खेळच त्याला भिंतीच्या पलीकडे ढकलून देतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. "बाबा, पुन्हा करून दाखवू?" मी विचारलं. तुम्ही प्लग काढला. "प्लांटात एक पायरी सोडली त मानूस मरते. हे बेइमानी आहे." संध्याकाळी शेजारच्या काकांना हसत सांगितलंत, "आमची पोरगी लबाड निघाली गा." मग कॉलनीत वर्षभर मी लबाडच होते. पत्ते वाटतानाही काकू म्हणायच्या, "हिच्यावर ध्यान ठेवजा वं."

आता नागपुरात, सासरी नंदनवनच्या घरात, दुपारची भांडी आवरली की मी तोच खेळ घड्याळ लावून खेळते. जगात कुठेकुठे माणसं तो कमीत कमी वेळात संपवायला बसलेली असतात आणि खेळातल्या कोणत्या चुकीने किती वेळ वाचतो यावर भांडतात, तुम्ही बॉयलरवरून भांडायचात तितक्याच गंभीरपणे. माझ्या उडीने जेमतेम अर्धा सेकंद वाचतो, आणि ती दहादा केली तर तीनदा साधते. दुसरी एक चूक आहे, पाईपची. पडदा पुरता पुढे सरकायच्या आत पाईपात शिरलं की आपण कुठे आहोत हे खेळालाच कळत नाही, आणि तो आपल्याला कित्येक टप्पे पुढे, भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतो. मिनिटं वाचतात. बहुतेक जण तीच वापरतात. मी भिंतीतून जाते, पण पाईपात शिरत नाही. मधले सगळे टप्पे खेळते, म्हणून त्यांच्या वेळांच्या यादीत माझं नाव फार खाली असतं.

माझा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा निकालही लागला नव्हता. मी कणीक मळत होते आणि तुम्ही आईला सांगत होता, "आता अजून काय शिकाचं राहिलं? चांगलं स्थळ आहे, एकदाचं निपटून जाते." मी तिथेच होते, दोन हातांच्या अंतरावर. मला विचारलं नाहीत. एकही पायरी न सोडणाऱ्या माणसाने माझं तिसरं वर्ष, प्रयोगशाळा, पहिली नोकरी, सगळं एका बैठकीत सोडून दिलं, आणि मी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत ते शोधत उभी राहिले. त्याला कुणी बेइमानी म्हटलं नाही. लग्नात पंगतींवर पंगती उठल्या. तुम्ही आग्रह करकरून वाढत होता.

हे पत्र गेमच्या जुन्या खोक्यात ठेवीन. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मला शाबासकी नको होती. तो माणूस भिंतीत शिरला तेव्हा मला वाटलं, माझ्या हातून गेम बिघडला. आणि बिघडलेलं काहीही तुम्ही दुरुस्त करता, अशी तेव्हा माझी खात्री होती. म्हणून पुन्हा दाखवायचं होतं.

एकदा या, शेजारी बसा आणि म्हणा, "दाखव वं पुन्हा." मला माहीत आहे, बूट काढायच्या आधीच तुम्ही नाही म्हणाल.