बेसिलचा आणि माझा नंबर एकच

निर्मळ,
१६ नोव्हेंबर २००५

तीर्थरूप रुक्मिणीअक्का,

धाकट्या आत्मारामचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं गोड बंद केलंस, की त्यांनी तुझ्याशी बोलणं बंद केलं?

इकडे मी आणि तुझी भावजय वसुंधरा ठीक. नवीन म्हणजे, शेजारच्या बेसिलने आणि मी मिळून इंटरनेट घेतलं. कनेक्शन एक, घरं दोन, म्हणून त्याच्या ओट्यावर एक डबी बसवली. तिला स्विच म्हणतात (दिव्याच्या बटणाशी तिचा संबंध नाही, हे मला दोन दिवसांनी कळलं). कॉम्प्युटरला ही वायर जोडायची कार्डंही दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतली. मस्कतहून आमचा सुजय रविवारी नातीला कॅमेऱ्यासमोर धरणार होता. पोर चार महिन्यांची झाली, पण तिचं नाकही आम्ही पाहिलेलं नव्हतं.

वसुंधरा नवी साडी नेसून बसली. नातीचं कपाळ दिसलं, डोळे दिसले आणि नाक येता येता पडदा गोठला. कुंपणापलीकडून बेसिल ओरडला, "आत्माराम, तू चालू केलंस काय? माझी इझाबेल गेली!" (इझाबेल त्याची लेक, कुवेतला नर्स आहे.) त्याने बंद केलं की माझं चालायचं, मी बंद केलं की त्याचं. असे तीन रविवार गेले. तिसऱ्या वेळी वसुंधरेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझं डोकं फिरलं. बाहेर बेसिलच्या केळीचा टेम्पो भरत होता. पाच माणसांदेखत मी बेसिलला म्हणालो, "तू माझं नेट चोरतोस." पन्नास वर्षांचा दोस्त, अक्का! तो काहीच बोलला नाही. हातातला घड खाली ठेवून घरात गेला.

मग शनिवारी मेघना आली (वसुंधरेची भाची, विरारला कॉलेजात हेच शिकते). तिने दोन्ही कॉम्प्युटर तपासले आणि हसतच सुटली. म्हणे, प्रत्येक कार्डाला कारखान्यातून एक बारा अक्षरी नंबर येतो, तो दुसऱ्या कुणाचा असता कामा नये. कुठला नंबर कुठल्या वायरीवर राहतो, हे स्विच आपलं आपण शिकतो. आणि आमच्या दोन्ही कार्डांचा नंबर एकच! मी काही पाठवलं की स्विचला वाटायचं, हा इसम आत्मारामकडे असतो. बेसिलने पाठवलं की, छे, बेसिलकडे. त्यामुळे माझी नात त्याच्या वायरीत आणि त्याची लेक माझ्या. "काका, एकाचा नंबर बदलावा लागेल," ती म्हणाली. मी म्हटलं, माझा मूळचा आहे, मी बदलणार नाही (अर्ध्या तासापूर्वी तो आहे हेही मला ठाऊक नव्हतं). बेसिलने नुसती नकारार्थी मान हलवली. मी चहा सांगायला आत गेलो तेवढ्यात मेघनाने माझंच शेवटचं अक्षर बदललं आणि स्विच बंद करून पुन्हा चालू केला, म्हणजे तो शिकलेलं सगळं विसरला. या रविवारी नातीचं नाक पाहिलं. थेट तुझं आहे.

भाऊजींना नमस्कार, आणि माझ्या नावाने अर्धा पेढा.

तुझा,
आत्माराम

ता. क. : पत्र खरं तर यासाठी. बेसिल दहा दिवस माझ्याशी बोललेला नाही. समोर आला की ओठ घट्ट मिटतो. त्याची हेलन तुझी शाळेतली मैत्रीण. तिला फोन करून सांग, आत्माराम चुकला. मीच सांगणार होतो, पण तीनदा कुंपणापर्यंत जाऊन परत आलो.

ता. क. २ : फोन करू नकोस. बेसिल आत्ताच येऊन गेला. त्याची कवळी दुरुस्तीला गेली होती, आज आली. बोळक्या तोंडाने पाच माणसांत काय बोलणार, म्हणून गप्प होता. आता ती बसवून थेट माझ्याकडे आला आणि चोर कुणाला म्हणालास इथपासून सुरुवात करून तासभर मला झाडलं. अक्का, फार बरं वाटलं.